तीन दले आणि एक कोठार

सप्टेंबर 1948 मध्ये सोनपेठसह सारा मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा सोलापुराहून निघालेल्या भूदलास हवाई दलाची साथ होती. एकत्र लढण्याची विद्या आपल्या सैन्यास तेव्हाही ठाऊक होती. एकत्र कोठार सांभाळण्याच्या विद्येकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीने 2016 साली सैन्यसुधारणेच्या शिफारशी केल्या. पुढे 1 एप्रिल 2021 रोजी तत्कालीन संरक्षण दलप्रमुख जनरल बिपीन रावत यांच्या हस्ते मुंबईत तिन्ही दलांचे संयुक्त पुरवठा केंद्र सुरू झाले. गुवाहाटी येथेही असे केंद्र आहे. शिधा, इंधन, लहान शस्त्रांचा दारूगोळा, भाड्याची वाहने, सुटे भाग आणि दुरुस्तीची मदत एकमेकांस मिळावी, हा त्यांचा हेतू. तो स्तुत्यच आहे. भूदलाच्या जवानास नि नौसैनिकास लागणारा तांदूळ का निराळा असतो?

दुरुस्तीचा प्रश्न इतका सोपा नाही. आपल्या एकट्या राज्यात खडकीस भूदलाची कर्मशाळा, मुंबईस नौदलाची गोदी, ओझरला हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आणि नागपुरास त्याच दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आहे. ज्याने त्याने आपला संसार थाटलेला. हे सारे उधळपट्टीचे लक्षण, असे म्हणण्याचा मोह होतो; पण तो आवरला पाहिजे. 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर कोसळले आणि तिघांचे प्राण गेले. त्यानंतर तिन्ही दलांची ‘ध्रुव’ जमिनीवर खिळली. यंत्र एकच, म्हणून संकटही एकच! मात्र काही महिन्यांनी भूदल व हवाई दलास पुन्हा उड्डाणाची मुभा मिळाली, तेव्हा नौदल व तटरक्षक दल मागेच राहिले. खारे वारे आणि डुलणाऱ्या जहाजावरचे उतरणे यांचा हिशेब हिमालयातील उड्डाणाहून वेगळा असतो. सबब, कोठार एक करावे, परंतु कारागिराची विशेष विद्या पुसू नये.

आमचा खरा आक्षेप कीर्द-खतावणीस आहे. तिन्ही दलांच्या साठ्याच्या संगणकीय नोंदी तीन निरनिराळ्या पद्धतींनी वाढल्या. एकाच्या गुदामात पडून असलेला भाग दुसऱ्याच्या वहीत दिसला नाही, तर तो नसल्यातच जमा. या नोंदी जोडणारी सामाईक प्रणाली तयार होत असल्याचे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी सप्टेंबर 2025 मध्ये सांगितले. म्हणजे मुंबईचे केंद्र उघडल्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ गेला तरी वह्या जुळावयाच्याच होत्या!

वस्तूंचे क्रमांक समान कधी होणार, आणि एका दलाने मागितलेला भाग दुसऱ्याच्या गुदामातून कोणाच्या सहीने निघणार, हे संसदेने सरकारास विचारले पाहिजे. सहीचा अधिकार तीन ठिकाणी राहणार असेल, तर संयुक्त केंद्र म्हणजे चौथी कचेरी ठरेल, आणि तिचाही खर्च सोनपेठच्या करदात्याने सोसावयाचा आहे.