बाहुलीचे पोट

गेल्या महिन्यात एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. पंधरा दिवसांपासून मुलगी रात्रीची पोळी खात नव्हती. वरणभाताचे दोन घास घेऊन ताट सारत होती. तपासणीत काही दोष आढळला नाही. उंची आणि वजन वयाला साजेसे होते. उठताना मुलीनेच कारण सांगितले. हातातल्या बाहुलीचा झगा वर करून ती म्हणाली, "हिला बघा ना, पोटच नाहीये. मला आहे."

आईचा चेहरा उतरला. ती बार्बी मावशीने वाढदिवसाला दिलेली होती. "डॉक्टर, घरातून काढूनच टाकू का ही?" तिने विचारले. हा प्रश्न अनेक पालकांच्या मनात असतो, म्हणून आजचा लेख त्याविषयी.

बार्बी प्रथम लोकांसमोर आली ती 9 मार्च 1959 रोजी, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात. तिची कल्पना रूथ हँडलर यांची. त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका कल्पून खेळत असे. त्या काळी बाजारातल्या बहुतेक बाहुल्या तान्ह्या बाळांच्या असत. त्यांच्याशी खेळणाऱ्या मुलीच्या वाट्याला आईचीच भूमिका येई. 'मी मोठी झाल्यावर कोण होईन' हे खेळून पाहण्याची सोय या साडेअकरा इंची बाहुलीने केली. हा विचार मुळात चांगलाच होता.

आपल्याकडेही भातुकलीत हेच चाले. लाकडाची ठकी, चिंध्यांची बाहुली, बाहुला-बाहुलीचे लग्न, रुसलेल्या विहिणी. मुली त्यातून मोठ्यांचे जग खेळून पाहत. मात्र चिंध्यांच्या बाहुलीला ठरावीक बांधा नसे. ती जाड की बारीक, गोरी की सावळी, हे खेळणारी ठरवी. फॅशनच्या बाहुलीचा देह कारखान्यातून ठरूनच येतो, आणि एकसारख्या दहा बाहुल्या पाहिल्या की 'मोठी बाई अशीच असते' असे लहान मुलीला वाटू शकते.

तो देह कितपत खरा असतो? 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बार्बीच्या प्रमाणांची तुलना खऱ्या स्त्रियांच्या मापांशी केली गेली. तसा बांधा असण्याची शक्यता लाखात एकीपेक्षाही कमी निघाली. 1965 साली तर या बाहुलीच्या एका संचात 110 पौंडांवर, म्हणजे सुमारे 50 किलोंवर, काटा स्थिर केलेले वजनयंत्र होते. सोबत वजन घटवण्याची चिमुकली पुस्तिका होती आणि तिच्यात सल्ला होता अन्न सोडण्याचा. ते खेळणे लहान मुलींसाठी होते, हे लक्षात घ्यावे.

परिणामांविषयीही काही अभ्यास झाले आहेत. 2006 मध्ये ब्रिटनमधील साडेपाच ते साडेआठ वर्षांच्या 162 मुलींना चित्रपुस्तके दाखवण्यात आली. बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुलींमध्ये स्वतःच्या शरीराविषयी नाराजी आणि बारीक होण्याची इच्छा अधिक दिसली. त्यांतल्या सर्वांत मोठ्या मुलींमध्ये मात्र हा तात्कालिक परिणाम दिसला नाही. दुसऱ्या बाजूला, 2020 मध्ये कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की बाहुल्यांशी एकट्याने खेळतानाही मुलांच्या मेंदूतील, इतरांच्या भावना समजून घेण्याशी संबंधित भाग कार्यरत होतो. मुलगे आणि मुली दोघांतही हे दिसले. या अभ्यासाला बार्बीच्या उत्पादक कंपनीचेच अर्थसाहाय्य होते, हेही सांगायला हवे. कंपनीने 2016 मध्ये उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्या बाहुल्या आणल्या, म्हणजे आक्षेपात तथ्य होते.

तेव्हा बाहुली निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी मी मुलीला आणखी एक प्रश्न विचारला: "पोट असणं वाईट, असं कोण म्हणतं?" ती सहज उत्तरली, "आजी म्हणते आईला, पोट सुटलंय तुझं. आई पण आरशात बघून म्हणते. म्हणून ती रात्री जेवत नाही."

आई क्षणभर गप्प राहिली. दिराचे लग्न दोन महिन्यांवर होते आणि तिने रात्रीचे जेवण सोडले होते. मुलीला वाढून ती समोर पाण्याचा पेला घेऊन बसत असे. बाहुलीने मुलीला आकार दाखवला. त्या आकाराचा अर्थ तिला घराने शिकवला. बाहुली फेकून दिली असती, तरी पाण्याचा पेला समोर राहिलाच असता.

हे आईला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तिलाही तो अर्थ कुणीतरी शिकवलेलाच असतो. पण यावरून माझे उत्तर निश्चित होते: बाहुली ठेवावी, मात्र मुलीला तिच्यासोबत एकटे सोडू नये.

तीन वर्षांखालील मुलांना अशा बाहुल्या देऊच नयेत. त्यांचे चिमुकले बूट आणि दागिने घशात अडकू शकतात. त्यानंतर द्यायची तर एकच एक प्रकार गोळा करू नये. निरनिराळ्या रंगांच्या, बांध्यांच्या बाहुल्या, कापडी बाहुली, प्राणी, ठोकळे हे सारे एकाच टोपलीत असावे. तयार पोशाख विकत आणण्यापेक्षा शिंप्याकडच्या चिंध्या आणि सुईदोरा द्यावा. अधूनमधून शेजारी बसावे आणि विचारावे, "आज हिने काय काम केलं? दमली का? काय जेवली?" मुलीच्या मनात काय चालले आहे, ते बाहुलीच्या तोंडून पुष्कळदा कळते.

पोटाविषयी मुलगी बोललीच, तर हसण्यावारी नेऊ नये आणि व्याख्यानही देऊ नये. "बाहुलीला पळायचं नसतं, पचवायचंही काही नसतं. तुझं पोट रोज काम करतं," एवढे पुरे. वयात येण्यापूर्वी मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढते. तो वाढीचाच भाग आहे. मुलांसमोर कुणाच्याही वजनावर वा रंगावर शेरे मारू नयेत, स्वतःच्याही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आदराने, पण स्पष्ट सांगावे.

मूल वारंवार जेवण टाळत असेल, अन्न लपवत असेल, वजन घटत असेल किंवा सारखे आपल्या शरीराविषयी बोलत असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

तीन आठवड्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. आई आता रात्री मुलीबरोबर जेवायला बसते. मुलगी एक पोळी खाते. दुसरीसाठी अजून आग्रह करावा लागतो. आजींचे बोलणे कमी झाले आहे, थांबलेले नाही. बाहुली पिशवीत होतीच. तिला काय झाले आहे, असे मी विचारले. "हिला भूक लागलीये," मुलगी म्हणाली, "पण आधी माझं जेवण होऊ दे."