काटकपणाचे कौतुक पुरे!

जोयड्याच्या रानातील कुणब्याविषयी कोणी चार ओळी लिहावयास बसला की त्याच्या लेखणीतून एक शब्द हटकून उतरतो. आणि तो म्हणजे ‘काटक’. कुणबी काटक, त्याची बायको काटक, त्याची पोरे काटक! डोईवर ओझे घेऊन कोसन् कोस चालणारा, कंदमुळांवर पावसाळा काढणारा, रानगव्याने शेत तुडविले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बांध घालावयास उभा राहणारा हा माणूस पाहून शहरी पाहुण्यास उमाळा येतो. हे कौतुक खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या कौतुकाच्या आड एक मोठी बेफिकिरी दडून बसली आहे, आणि तिजविषयी आज आम्हास स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. जो काटक ठरला त्याला काही दुखत नाही, असे आपण सोयीस्करपणे धरून चाललो आहो. त्याच्या शरीराला ताप येतो हे सरकारला कळते. त्याच्या मनालाही ताप येतो, हे मात्र कोणाच्या गावी नाही!

या मनाने काय काय सोसले त्याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. गोऱ्या अंमलदारांनी जंगल राखीव केले तेव्हा या लोकांची कुमरीची शेती गेली. डोंगरउतारावर नाचणी पिकविणारा माणूस दरीतल्या चिंचोळ्या भातखाचरात येऊन बसला. पुढे काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण उभे राहिले आणि १९८७ साली ते पुरे झाले. ज्या सुपे गावाच्या नावाने हा तालुका ओळखला जात असे, ते काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील गाव जलाशयाच्या तळाशी गेले. तालुक्याची कचेरी जोयड्यास आली आणि विस्थापितांपैकी पुष्कळांचे संसार रामनगरच्या वसाहतीत मांडले गेले. वाटले, आता तरी संपले. परंतु २००७ साली दांडेली आणि अणशीची अरण्ये मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, २०१५ साली त्यास ‘काळी’ हे नाव मिळाले, आणि रानातल्या वाड्यांपुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: राहायचे की उठायचे?

विजेसाठी धरण हवे आणि वाघासाठी रान हवे, हे आम्हासही मान्य आहे. परंतु तीन-चार पिढ्या ज्या माणसाला ‘उद्या येथे असू की नसू’ हे ठाऊक नाही, त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल? झालेल्या आघातातून मनुष्य कालांतराने सावरतो. टांगत्या तलवारीखाली मात्र त्याला धड रडताही येत नाही आणि धड उभेही राहता येत नाही. त्यातून २००६ च्या वनहक्क कायद्याखाली बिगर-आदिवासी रानकऱ्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वहिवाटीचा पुरावा आणावा लागतो. गोव्यातील कुणबी २००३ साली अनुसूचित जमातींत गणला गेला. त्याचाच भाऊबंद सरहद्दीच्या अलीकडे वर्षानुवर्षे तीच मागणी करीत आला आहे! ज्याच्या आज्याने कागद कधी पाहिला नाही, त्याला आज्याचा कागद आणावयास सांगणे ही केवळ कायद्याची अडचण नव्हे. ती रोजची मानहानी आहे.

आता हा माणूस इतके दिवस तगला कशाच्या बळावर? तो एकटा नव्हता म्हणून तगला. एका छपराखाली नांदणारे मोठे कुटुंब, लावणीला एकमेकांच्या शेतात उतरणारी वाडी, देवराईतला देव, शिगम्याचा मांड, गावच्या जाणत्यांसमोर मोकळे होणारे भांडण, ही त्याची खरी औषधे होती. मुडली, कोनफळ, करांदे, कणगी अशा कंदांचे बियाणे घरोघर फिरत असे; एकाचे गेले तर दुसऱ्याकडे उरे. जोयड्यास भरणाऱ्या कंदमेळ्यात हे वैभव आजही पाहावयास मिळते. ज्यास आपण काटकपणा म्हणतो तो एकेका माणसाच्या हाडात नसून या मेळात होता. म्हणूनच पुनर्वसनाच्या नावाखाली जेव्हा वाडीची पांगापांग होते, कुटुंबामागे पंधरा लाखांची रक्कम ठरते आणि एका घरात तीन हिशेब होतात, तेव्हा जमिनीहून मोठे असे काही मोडते. त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

मोडलेले मन गावात ओळखू येत नाही, कारण ते निराळ्याच वेषात फिरते. ‘मला दुःख झाले आहे’ असे शेतकरी म्हणत नाही. अंग मोडून येते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, अन्नावरची वासना गेली, असे तो सांगतो. दवाखान्यात त्याला शक्तीची सुई मिळते. घाडी कौल लावून कोणाची तरी बाधा सांगतो. कोणी गुत्त्याची वाट धरतो, आणि त्याची बायको दुहेरी ओझे वाहू लागते. आम्ही घाड्याची चेष्टा करणार नाही. निदान तो रोग्याचे सगळे ऐकून तरी घेतो! परंतु ऐकून घेणे हा उपचाराचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, निरनिराळ्या मनोविकारांनी पीडलेल्यांपैकी शेकडा ७० ते ९२ लोकांना उपचारच मिळत नाहीत. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी स्वतःचा जीव दिला. त्यांत ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर होते. या दुर्दैवी यादीत महाराष्ट्र पहिला आणि कर्नाटक दुसरा! सीमेच्या दोन्ही अंगांच्या सरकारांनी माना खाली घालाव्या असे हे आकडे आहेत. अशा मृत्यूला एकच कारण नसते. कर्ज, नापिकी, आजार, व्यसन, घरातला कलह आणि एकटेपण यांची गाठ बसते; त्यातला एक धागा वेळीच सुटला तरी माणूस वाचतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि तो सोडविता येतो, याचा पुरावा लांब विलायतेत शोधावयास नको. जोयड्याला लागूनच गोवा आहे. तेथे १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे फलित २०१७ साली प्रसिद्ध झाले. वैद्यकाची पदवी नसलेल्या सामान्य माणसांना शिकवून समुपदेशक केले आणि तीव्र विषण्णतेने ग्रासलेल्यांशी त्यांनी सहा ते आठ बैठका बोलणे केले. बोलायचे काय? बंद पडलेली लहानसहान कामे पुन्हा कशी सुरू करावी, कोणाला भेटावे, अडचणीचा कोणता तुकडा आधी उचलावा, एवढेच! तीन महिन्यांनी शेकडा ६४ जण विषण्णतेतून बाहेर आले. नेहमीच्याच उपचारावर राहिलेल्यांत हे प्रमाण ३९ होते. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमाने गावातल्याच माणसांकरवी असेच काम केले. तेथे उपचारापर्यंत पोहोचणारे विषण्ण रुग्ण शेकडा ४ वरून २७ वर गेले.

‘पोटाला अन्न नाही आणि तुम्ही समुपदेशनाच्या गोष्टी सांगता!’ असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. ज्याच्या जमिनीचा निकाल लागत नाही त्याला केवळ गोड बोलून शांत करणे ही फसवणूक होय, आणि तिला आमचा पाठिंबा नाही. परंतु जमिनीचा निकाल लागेतोवर माणूस जिवंत राहिला पाहिजे की नाही? भाकरीचा लढा आणि मनाचा उपचार ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे. तालुक्याच्या रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ यावा, अशी योजना कर्नाटक सरकारने ‘मनोचैतन्य’ या नावाने आखलेली आहे. ती चांगली आहे. परंतु डिग्गीसारख्या टोकाच्या गावाहून जोयड्यास येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे. तेव्हा वाडीवाडीतल्या आशा कार्यकर्त्या आणि शिकलेली तरुण मुले यांना या कामाचे शिक्षण द्यावे, आणि तज्ज्ञाने त्यांच्या पाठीशी राहावे. हे बोलणे कुणब्याच्या कोकणीत आणि मराठीत व्हावे. डॉक्टर कन्नड भाषिक आहे ही आमची तक्रार नाही. तो मायेने वागत असेल तर आम्हास वंद्यच आहे. परंतु पोट दुखते हे खुणेने सांगता येते. मन दुखते हे मायबोलीवाचून सांगता येत नाही. वनहक्काचे दावे मुदतीत निकालात काढावेत. ज्यांना स्वखुशीने उठायचे असेल त्यांची वाडीच्या वाडी एकत्र वसवावी. ज्यांना राहायचे असेल त्यांना ‘येथे राहा’ हे एकदा लेखी सांगून टाकावे. त्या एका कागदाने जेवढी झोप लागेल तेवढी कोणत्याही गोळीने लागणार नाही.

शेवटी दोन शब्द आमच्या शहरवासी वाचकांस. रामनगर, लोंढा, खानापूर, हल्याळ येथील बाजारांत हा शेतकरी तुमच्याच दुकानाच्या पायरीवर येतो. तुम्ही त्याचे व्यापारी, शिक्षक, वकील, सावकार आहा. तो अलीकडे गप्प झाला असेल, निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर हिशेबाची वही मिटून त्याला बसवून घ्या आणि विचारा. जिवाविषयी सरळ विचारल्याने मनात नसलेला विचार शिरत नाही. उलट कोंडलेला बाहेर पडतो. ‘टेलीमानस’ची १४४१६ ही विनामूल्य सरकारी दूरध्वनीसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. डोंगराआडच्या वाडीत मोबाईलला रेंज नसते, तुमच्या दुकानात असते; तेथून फोन लावून द्या. जीव देऊ पाहणारा गुन्हेगार न समजता तीव्र ताणाखालील माणूस समजावा आणि त्याची शुश्रूषा सरकारने करावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भयाने कोणी लपवालपवी करू नये.

कुणब्याने आजवर पुष्कळ सोसले. त्याच्या सोसण्यावर आपण कौतुकाची फुले उधळली आणि घरी येऊन निवांत झोपलो. आता त्याच्या शेजारी जाऊन बसण्याची पाळी आपली आहे.