पांखरांस उष्टें ताट

थंड देशांतील कडक हिंवाळ्यांत बागेंत येणाऱ्या पांखरांस दाणा घालावा कीं नाहीं, याविषयीं आमचा वाद नाहीं. खुशाल घालावा. इंग्लंडांत डिसेंबरमध्यें दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. ब्लू टिट नांवाच्या निळ्या टोपीच्या पांखराचें वजन सुमारें एक तोळा, आणि तेवढ्याशा देहाला सोळा तासांची रात्र काढावयाची असते. त्याला सूर्यास्तापूर्वीं चार स्निग्ध दाणे मिळाले तर तें आम्हांसहि हवेंच आहे. आमचा वाद आहे तो दाणा घालून हात झटकणारांशीं.

घरच्याघरीं दाण्याचें पात्र कसें करावें हें शिकविणाऱ्या लेखांना हल्लीं तोटा नाहीं. बाटली कापा, भोंक पाडा, काठी खुपसा, फांदीला टांगा, कीं पुण्य पदरीं पडलें! तें पात्र आठ दिवसांनीं कोणीं धुवावयाचें, याविषयीं त्यांत बहुधा एक ओळहि नसते. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्या मागल्या दारींहि अशीं पात्रें लोंबत असतात आणि नातवंडें त्यांचीं छायाचित्रें कौतुकानें इकडे पाठवितात; तेव्हां हा विषय आतां केवळ परक्यांचा राहिलेला नाहीं.

या हयगयीचें मोल ग्रीनफिंच या हिरवट पिवळ्या, चिमणीएवढ्या पक्ष्यानें दिलें आहे. कबुतरें व होले यांच्या घशांत आढळणारा ट्रायकोमोनास नांवाचा एकपेशीय परजीवी २००५ सालीं ब्रिटनमधील फिंच कुळांतील पक्ष्यांत सांथीच्या रूपानें प्रथम दिसला. घसा सुजतो, गिळवत नाहीं. भुकेलें पांखरूं दाणा चोंचींत घेतें आणि लाळेनें भिजलेला तसाच टाकून देतें. तो उष्टा दाणा शेजारचें निरोगी पांखरूं उचलतें. ग्रीनफिंचांची तेथील संख्या थोड्याच वर्षांत अंदाजें ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली आणि २०२१ सालीं त्या पक्ष्याचें नांव सर्वाधिक चिंताजनक अशा तांबड्या यादींत गेलें. रॉयल सोसायटी फॉर दि प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थेनें २०२५ सालीं सपाट फळीच्या पात्रांची विक्रीच थांबविली. रोग पात्रांनीं उत्पन्न केला असें आमचें म्हणणें नाहीं. पण रानोमाळ विखुरलेल्या पांखरांस एका पंक्तीला बसविलें तें मनुष्यानेंच.

कोणी म्हणेल, रानांत कोण ताटें घांसतो? प्रश्न चतुर आहे, पण पोकळ आहे. रानांत तींच पांखरें त्याच चार बोटें जागेवर दिवसचे दिवस जेवीत नाहींत. आणि ज्या घरांत पाहुण्यास उष्ट्या ताटांत वाढणें हा अपराध समजतात, त्या घरानें ही सबब सांगावी हें नवल होय. दान सत्पात्रीं पडावें म्हणतात. येथें घेणारा सत्पात्र आहे, वाढावयाचें पात्र मात्र ओंवळें!

वास्तविक घरगुती पात्राचा एकच मोठा गुण, कीं तें सुटें होईल असें आपणांस करतां येतें. अरुंद तोंडाची बाटली याच्या अगदीं उलट. तिच्या तळाशीं ओला दाणा बुरसतो आणि तेथें हात पोंचत नाहीं. त्यापेक्षां नारळाची करवंटी बरी. ती घांसतां येते, तडकली तर फेंकून देतां येते. तींत गुरांची चरबी व बीं थिजवून ती उपडी टांगण्याची रीत इंग्लंडांत आहेच. चरबीचें नांव काढतांच नाक मुरडणाऱ्या शाकाहारी घरांनीं तिच्याऐवजीं तेल किंवा मार्गारीन घेऊं नये. तें मऊ राहून पिसांस माखतें आणि पिसांची ऊब जाते. सूर्यफुलाचें बीं व बिनमिठाचे शेंगदाणे पुरेसे आहेत. शेंगदाणा खंवट किंवा बुरसलेला नसावा, कारण त्या बुरशीचें विष प्राणघातक असतें. उरलेला चिवडा, शेव, फरसाण हीं मिठामुळें वर्ज्य. सुक्या खोबऱ्याचा कीस पोटांत फुगतो, म्हणून तोहि नको.

आठवड्यांतून एकदां तरी पात्र साबणाच्या ऊन पाण्यानें व जंतुनाशकानें धुवावें. तेंहि बाहेर, हातमोजे घालून, स्वयंपाकघरांतील मोरींत नव्हे. मग तें खडखडीत वाळवावें, कारण हा परजीवी कोरडेपणांत तग धरीत नाहीं. म्हणून पात्रें दोन असावींत, एक टांगलेलें असतां दुसरें वाळतें. दाणा एकदोन दिवसांत संपेल इतकाच घालावा, टांगण्याची जागा मधून मधून बदलावी, आणि प्यावयाचें पाणी रोज नवें असावें.

एखादें पांखरूं पिसें फुलवून, ओल्या चोंचीनें, मनुष्य जवळ आला तरी न उडतां बसलेलें दिसलें, तर त्याच दिवशीं पात्रें उतरवावींत व निदान दोन आठवडे टांगूं नयेत. मुलें हिरमुसतील, खिडकी ओकीबोकी दिसेल, शेजारीण कारण विचारील. तिला कारण सांगावें, आणि तिचेंहि पात्र उतरवावयास लावावें. नाहींतर आजारी पांखरूं आपली बाग सोडून तिच्या बागेंतील पंक्तीला जाऊन बसेल.