अंगणातला ट्रक आणि भाच्याचा कॅमेरा

परवा रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. डिचोली तालुक्यातलं, खाणपट्ट्यातलं गाव. शीत-हुमण पानात पडलं, पहिला घास घेतला, आणि भाच्याने बॉम्ब टाकला.

"मामा, हांव नोकरी सोडटां."

(घरात आम्ही कोकणीच बोलतो. लिहायला बसलो की मराठी. गोव्यात हे असंच आहे, त्यात कुणाला नवल वाटू नये.)

नोकरी सोडून काय करणार? तर व्हिडिओ. यूट्यूबवर. पूर्ण वेळ! बहीण वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, तूं तरी सांग ताका." भावोजी काहीच बोलले नाहीत. ते खिडकीतून अंगणाकडे बघत होते.

अंगणाच्या कडेला त्यांचा ट्रक उभा आहे. उभा म्हणजे काय, रुतलेला. २००९ साली खाणी जोरात असताना त्यांनी कर्ज काढून तो घेतला. गावात प्रत्येकजण घेत होता. खेपा मोजायच्या, हप्ता भरायचा, उरलेल्यात घर चालवायचं. तीन वर्षं झकास गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि चाकं थांबली. मधे पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८ मध्ये पुन्हा बंद. आता लिलाव होऊन काही ठिकाणी खनिज निघू लागलंय, पण भावोजींच्या ट्रकाला त्याचा काय उपयोग? त्याचे हप्ते बहिणीच्या पाटल्या विकून केव्हाच फेडले गेले.

तेव्हा "नवीन धंदा" हा शब्द त्या घरात कसा ऐकला जातो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता माझी पंचाईत अशी, की असल्या प्रश्नावर सरकारी कारकुनाने काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असतं. "नोकरी सोडू नकोस. फावल्या वेळात काय ते कर." मी कला शाखेचा पदवीधर, गावच्या जत्रेतल्या नाटकांत तोंडाला रंग लावलेला माणूस. एका दिग्दर्शकाने पुढे काम करायला बोलावलं होतं, तेवढ्यात कारकुनीची ऑर्डर आली आणि मी फाईल उघडून बसलो. पश्चात्ताप नाही. पण म्हणूनच त्या पोराला तोंडावर "नको" म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "आधी हिशेब दाखव."

त्याने मोबाईल पुढे केला. तो काय करतो ते आधी सांगतो. जुन्या देवळांतली कावी चित्रं, माडावर चढणारा पाडेली, जत्रेत खाजें विकणारं कुटुंब, मानकुरादच्या कलमांची निगा असे विषय. बोलतो मराठीत, मधे मधे कोकणी. दोन वर्षं शनिवार-रविवार हेच चाललंय.

पैसे कसे मिळतात ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. नुसता व्हिडिओ टाकला म्हणून कुणी दमडी देत नाही. जाहिरातींत वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी ४,००० तास बघितलेलं असावं लागतं (किंवा शॉर्ट्स म्हणतात त्या छोट्या व्हिडिओंना ९० दिवसांत १ कोटी वेळा बघितलेलं). त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के करणाऱ्याला, ४५ टक्के यूट्यूबला. आणि खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत.

भाच्याच्या एका चांगल्या महिन्याचा आकडा: १ लाख ८० हजार वेळा व्हिडिओ बघितले गेले. हातात आले ६,३०० रुपये. म्हणजे हजारामागे ३५ रुपये.

आम्ही कागद घेतला. (कारकून कागदाशिवाय विचार करू शकत नाही!) औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत त्याला १८,००० मिळतात. पेट्रोल, नेट, कॅमेऱ्याची झीज धरून त्याला महिन्याला निदान २५,००० हवेत. ३५ रुपये भावाने त्यासाठी ७ लाख १४ हजार वेळा बघितलं जायला हवं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. म्हणजे दर महिन्याला निम्म्या गोव्याने, पाळण्यातल्या पोरांसकट, याचा व्हिडिओ बघायचा! मराठीत बोलण्याचं कारण त्याने तेव्हा सांगितलं. त्याच जनगणनेत कोकणी मातृभाषा सांगणारे देशभरात साडेबावीस लाख, मराठीवाले ८ कोटी ३० लाख. पोर भाषेच्या वादात नाही, हिशेबात आहे.

पण मला खटकली ती वेगळीच गोष्ट. त्या १ लाख ८० हजारांत खाजेकारांचा व्हिडिओ होता ११ हजारांचा. पहाटे तीनला उठून केलेला, गूळ-आलं कढईत कसं उकळतं, बेसनाच्या कांड्यांवर पाक कसा बसतो ते सगळं दाखवणारा. आणि त्याच महिन्यात मित्रांच्या आग्रहाखातर एका पडक्या वाड्यात रात्री बॅटरी घेऊन फिरून "इथे भूत आहे का?" असं एक केलं होतं. त्याने एकट्याने लाखभर आणले. म्हणजे ६,३०० पैकी निम्म्याहून जास्त पैसे भुताचे!

आता हे शनिवार-रविवारचं काम आहे तोवर भूत ही गंमत आहे. पण उद्या याच्यावर चूल पेटायची असेल, तर महिन्याला चार भुतं शोधावी लागतील. खाजेकारांकडे पहाटे तीनला जायला वेळ कुठून आणणार? पूर्ण वेळ याचा अर्थ माझ्या मते हाच, की काय विकलं जातं ते ठरवणारा तुम्ही राहत नाही.

भाचाही काही कमी नाही. म्हणाला, "मामा, दीनानाथ मंगेशकरांनी किर्लोस्कर मंडळी सोडली नसती तर?"

मुद्दा बिनतोड वाटतो. मंगेशीचा हा मुलगा १९१८ साली, वयाच्या अठराव्या वर्षात, नाव झालेली कंपनी सोडून स्वतःची बलवंत संगीत मंडळी काढतो. पण पुढची गोष्टही सांगायला हवी. १९३१ ला आलम आरा आला, १९३२ ला अयोध्येचा राजा. बोलपट आल्यावर संगीत नाटक कंपन्यांची दैना झाली. बलवंतही कर्जात गेली आणि बंद पडली. १९४२ साली दीनानाथ गेले तेव्हा ते अवघे ४१ वर्षांचे होते. पण त्यांच्याजवळची गाण्याची विद्या बुडाली नाही. ती त्यांच्या मुलांकडे गेली, आणि ज्या बोलपटाने कंपन्या बुडवल्या त्याच बोलपटात लताबाईंनी तिचं काय केलं ते जगाला ठाऊक आहे. तात्पर्य, कंपनी बुडते, गळा राहतो. तुझा गळा कुठला, हे आधी ओळख. कॅमेरा म्हणजे गळा नव्हे.

मी नोकरीची काही वर्षं मामलेदार कचेरीत काढली. तिथे मुंडकार प्रकरणांच्या फायली माझ्याकडे असत. मुंडकार म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा. घर याचं, जमीन त्याची. पूर्वी भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराने पोरंबाळं घेऊन उठायचं. १९७५ साली कायदा झाला, तेव्हा कुठे त्याला हुसकावण्यापासून संरक्षण आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला.

यूट्यूबवर काम करणारा हा मुंडकार आहे. माड याने लावायचे, शिंपायचे याने, आणि जमीन भाटकाराची. नारळाचा वाटा भाटकार ठरवणार, आणि उद्या कुंपण कुठे घालायचं तेही तोच. २०१८ च्या आधी एकूण १०,००० वेळा बघितलं गेलं की जाहिरातीचे पैसे सुरू व्हायचे. त्या वर्षी हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तासांचा नियम आला आणि त्याच्या खालच्या लोकांची मिळकत बंद झाली. टिकटॉकचं तर विचारूच नका. २९ जून २०२० ला भारत सरकारने बंदी घातली. बंदीचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्यावर पोट भरणाऱ्या पोरांचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. भावोजींच्या ट्रकासारखाच. आणि या मुंडकाराने दाद मागायला जायचं कुठे? त्याच्यासाठी मामलेदार नाही.

मग करू नये का? तर तसंही माझं मत नाही.

कारण भाचा जी सोडतोय ती नोकरी तरी कसली? कंत्राटी, अकरा महिन्यांची, दर मार्चला श्वास रोखून बसायचं. सरकारी नोकरीची वाट बघ म्हणावं, तर त्यातही २०२४ साली गोव्यात काय उघडकीला आलं ते आपण वाचलं. नोकरी लावतो म्हणून लोकांकडून लाखांनी पैसे उकळलेले! जे आईबाप कॅमेऱ्यासाठी पन्नास हजार द्यायला घाबरतात, तेच अशा दलालाच्या हातात दागिने मोडून पैसे ठेवतात. धोका दोन्हीकडे आहे. एकाला आपण धोका म्हणतो आणि दुसऱ्याला "सेटल होणं" म्हणतो, एवढंच.

शिवाय मराठीत याच्यावर उभे राहिलेले लोक डोळ्यांसमोर आहेत. मधुरा बाचल २००९ पासून पाककृतींचे व्हिडिओ करतात, आज त्यांचे मसाले विकले जातात. भाडिपावाले २०१६ पासून आहेत. त्यांचे व्हिडिओ तर आहेतच, पण तिकीट लावून विनोदाचे कार्यक्रम आहेत, जाहिरातदारांसाठी केलेली कामं आहेत. यांची नावं घेऊन "बघा, होतं की!" असं म्हणणारे पुढचं बघत नाहीत. मसाला आणि तिकीट ही त्यांची स्वतःची जमीन आहे.

आणि गंमत म्हणजे भाच्याच्या कागदावरही हेच होतं, त्यालाच ते दिसलं नव्हतं. त्याच महिन्यात एका गेस्ट हाऊसवाल्याने त्याच्याकडून आपल्या जागेचा व्हिडिओ करून घेतला होता, ८,००० रुपये. एका मुंजीच्या चित्रीकरणाचे ६,०००. दोघांनीही त्याला कशावरून शोधलं? त्या ११ हजारवाल्या खाजेकारांच्या व्हिडिओवरून! खाजेकारांनाही पुण्या-मुंबईहून फोन आले ते वेगळंच. म्हणजे भुताने साडेतीन हजार आणले, खाजेंनी चौदा. जाहिरातीचे धरून महिन्याचे २०,३००, पगारापेक्षा जास्त, आणि ते शनिवार-रविवारी.

तेव्हा माझं मत विचाराल तर असं: ऑनलाइन व्हिडिओ हा पूर्ण वेळ पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो, पण व्हिडिओ हाच विकायचा माल असेल तर नाही. व्हिडिओ ही दुकानाची पाटी. पाटीखाली दुकान हवं. ते चित्रीकरणाचं असो, मसाल्यांचं असो, लोकांना गावं दाखवायला नेण्याचं असो. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधायला हरकत नाही, फक्त एक शेत आपल्या नावावर असू द्यावं.

भाच्याला मी चार अटी घातल्या. एक, कंत्राट मार्चमध्ये संपतं, तोवर सोडायचं नाही, आणि तोपर्यंत सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढायचा. दोन, जाहिरातीचे पैसे आले तर वरकड समजायचे, त्यांच्यावर घर चालवायचं नाही. तीन, हिशेबाची वही ठेवायची. फुकट मिळालेल्या वस्तूही त्यात लिहायच्या, कारण जुलै २०२२ पासून एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० च्या वर असे लाभ मिळाले तर त्यावर १० टक्के कर कापला जातो. आणि चार, कॅमेऱ्यासाठी कर्ज काढायचं नाही. आहे त्याच्यात करायचं.

"आणि भूत?" त्याने विचारलं.

"वर्षाला एक," मी म्हटलं.

तो हसला. बहीण हसली नाही. तिने आकडे ऐकले होते, मुंडकाराची गोष्ट ऐकली होती, दीनानाथांचीही. पान काढता काढता तिने एकच विचारलं.

"हप्तो ना न्ही?"

"ना," तो म्हणाला.

मग ती आत गेली आणि माझ्यासाठी सोलकढी घेऊन आली. होकार की नकार ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मार्चला अजून अवकाश आहे.

असो.