मिलिटरीची गोळी

आपल्या सातारा जिल्ह्यात फौजी नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. त्यामुळे ‘मिलिटरीची गोळी’ इथल्या प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीची आहे. पूर्वी ती लष्करी इस्पितळातून यायची. १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली आणि पॉलिक्लिनिकमधून ती घरोघर पोचली. योजना चांगली आहे, औषधेही चांगली असतात. माझी तक्रार आहे ती पुढच्या प्रवासाबद्दल.

मध्यंतरी साठीच्या एक काकू दवाखान्यात आल्या. पायावर सूज, लघवी कमी, तोंडाला चव नाही. रक्तदाबाची गोळी माझीच चालू होती. टेल्मिसार्टन आणि सोबत लघवीवाटे पाणी काढणारे औषध. रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले. “दुसरे काही औषध घेता का?” असे तीनदा विचारले. तिन्ही वेळा “नाही.” शेवटी सुनेने पिशवीतून एक पट्टी काढली. डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम, वर ‘विक्रीसाठी नाही’ असा छाप. शेजारच्या सुभेदारसाहेबांनी गुडघ्यासाठी दिलेली, तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ चाललेली. काकू खोटे बोलल्या नव्हत्या. जे विकत आणले नाही ते औषध, असे त्यांच्या मनातच नव्हते!

रक्तदाबाच्या या दोन औषधांवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन पडले, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. वयस्कर माणसाला आणि उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्याला धोका अधिक. काकूंची ती गोळी बंद केली, महिन्याभरात क्रिएटिनिन खाली आले. नशीब, वेळेत आल्या.

सुभेदारसाहेबांना बोलावले. “डॉक्टर, एका ॲसिडिटीच्या गोळीसाठी तीस किलोमीटर एसटीने जायचे, रांगेत बसायचे. मग साहेबांना म्हणतो, थोडे जास्तच लिहा.” त्यांचे काय चुकले? किरकोळ औषधालाही डॉक्टरची चिठ्ठी लागते, म्हणून माणूस साठा करतो. साठा झाला की वाटतो. फौजी माणूस मुळात दिलदार. त्यातून ‘मिलिटरीचे औषध कडक असते’ ही गावाची श्रद्धा. वास्तविक औषध तेच असते, फक्त पट्टीवरचे नाव वेगळे. त्या वेगळ्या नावामुळेच काही जण पॉलिक्लिनिकची आणि खाजगी डॉक्टरची अशी रक्तदाबाची एकच गोळी दोनदा घेतात आणि चक्कर येऊन पडतात.

पॅरासिटामॉलचेही तेच. मोठ्या माणसाला दिवसात ४ ग्रॅमच्या वर नको. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांत ती मर्यादा जवळजवळ गाठली जाते, आणि सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतेच.

माझे मत असे, की पॉलिक्लिनिकने ताप, ॲसिडिटी, जुलाब यांची थोडी औषधे घरी ठेवायला जरूर द्यावीत, पण पाकिटावर मराठीत लिहून: कशासाठी, दिवसाला किती, कोणी घेऊ नये. वेदनाशामक गोळ्या मात्र मोजूनच द्याव्यात. डायक्लोफेनॅक दुकानातही चिठ्ठीशिवाय विकायची नाही, मग ओट्यावर बसून का वाटायची?

सुभेदारसाहेब परवा आपली सगळी पिशवी घेऊन आले आणि टेबलावर ओती झाले. अकरा पट्ट्या निघाल्या. चार मुदत संपलेल्या, दोन डायक्लोफेनॅकच्या. त्यांना स्वतःलाही रक्तदाब आहेच. पुढच्या सोमवारी त्यांचे क्रिएटिनिन करायचे ठरले आहे.