घोसाळी घ्या हो, घोसाळी!

गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात आमच्या सोसायटीतले लोक मला टाळायला लागले. लिफ्टपाशी मी दिसलो की "तुम्ही व्हा पुढे, आम्ही जिन्याने येतो." कारण माझ्या हातात पिशवी असायची आणि पिशवीत घोसाळी. शेवटी वॉचमनसुद्धा हात जोडून म्हणाला, "साहेब, आज नको. घरी बायको ओरडते."

झालं असं, की मे महिन्यात आत्याकडे हट्ट्याला गेलो होतो. हट्टा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं गाव. निघताना आत्याने वर्तमानपत्राच्या पुडीत घोसाळ्याच्या आठ बिया बांधून दिल्या. (कोणी यांना गिलकी म्हणतं, कोणी पारोशी. भजी सगळीकडे सारखीच लागतात.) फ्लॅटला लागून छोटी गच्ची आहे, तिथे जूनमध्ये मी आठही बिया लावल्या. आमच्या धंद्यातली सवय! एक सर्व्हर बसला तर दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा. आठांतल्या दोन तरी जगतील म्हटलं. आठही जगल्या.

आत्याला फोन केला. "किती लावले?" "आठ." पलीकडे बराच वेळ नुसतं हसणं. "कामून रे बाबा? आमचं पंधरा माणसांचं घर होतं, तरी परसात दोनच वेल राहायचे."

अमेरिकेतला एक मित्र म्हणाला, यात नवीन काही नाही, तिकडे झुकिनीचं अगदी असंच होतं. तिथे ८ ऑगस्ट हा दिवस गमतीने शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा दिवस म्हणून साजरा करतात म्हणे. झुकिनी ही भोपळ्याची इटलीत वाढलेली नात, आणि घोसाळं, दोडका, दुधी, काकडी हे सगळे तिचे लांबचे नातेवाईक. स्वभाव सगळ्यांचा सारखा: आधी महिना-दीड महिना नुसती पानं, आणि मग एकदा सुटले की थांबत नाहीत.

तर माझं म्हणणं असं, की भाजी जास्त होते ती वेलामुळे नाही. ती बी पेरायच्या दिवशीच जास्त झालेली असते. चार माणसांच्या घराला घोसाळ्याचा एक वेल पुरतो. अनेकांना वाटतं, नर-मादीसाठी दोन तरी हवेत. ते पपईचं. इथे एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात. नर फुलं घोसाने येतात, मादी फूल एकटं असतं आणि त्याच्यामागे बोटाएवढं घोसाळं आधीच दिसतं. वरच्या मजल्यावर मधमाशा फिरकत नसतील तर नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाला लावायचे. घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. त्यामुळे ऑफिसवाल्यांनी खुशाल दोडका लावावा. :)

बॅकअप हवाच असेल तर तो उगवेपर्यंत ठेवा. एका मोठ्या कुंडीत तीन बिया पेरा, चार पानं आली की सगळ्यात दणकट रोप ठेवून बाकीची उपटा. इथे हात थरथरतो, माझाही थरथरतो. पण तेव्हा दोन रोपं उपटणं हे सप्टेंबरात दारोदार फिरण्यापेक्षा बरं. हंगाम लांबवायचा असेल तर दुसरा वेल दीड महिन्याने लावा, सोबत नको.

वेल सुरू झाल्यावरही ब्रेक आपल्या पायाखाली असतो. वेलाला भाजी करायची नसते, बी करायचं असतं. कोवळं फळ तोडत राहिलात तर तो पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. एखाद-दुसरं फळ जून होऊ दिलंत की त्याचा जोर त्यात जातो आणि नवीन फळं कमी धरतात. ते वाळलं की आत पुढच्या वर्षाचं बी, आणि बाहेर अंग घासायला जाळी. (फळ कडू लागलं तर मात्र चव मारून खाऊ नका, सरळ टाकून द्या. या कुळातला कडूपणा विषारी असू शकतो.)

हे सगळं मी गमतीत घेतलं असतं, पण आतेभावाशी बोलताना गंमत राहिली नाही. एका वर्षी त्याने दोडका लावला होता. पीक छान आलं, आजूबाजूच्या सगळ्यांचंच आलं. बाजारात नेला तेव्हा तोडणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडंही निघेना. उरलेला त्याने जनावरांना घातला आणि पुन्हा हळदीकडे वळला. हळद शिजवून, वाळवून ठेवता येते, भावाची वाट बघता येते. दोडका दोन दिवस थांबत नाही.

मी म्हटलं, मग कमी लावायचा ना. तो म्हणाला, "मी कमी लावीन रे, पण बाकीच्यांनी किती लावला ते मला कोण सांगणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला खाणारी तोंडं मोजता येत नाहीत. मला येतात. चार आहेत, त्यातलं एक घोसाळं बघून नाक मुरडतं. तरीही मी आठ लावले, आणि शेवटी निम्मी भाजी कंपोस्टच्या पिंपात गेली. त्याचं नुकसान नाइलाजाचं होतं, माझं निव्वळ हौशीचं. तेव्हापासून भाजीवाल्याकडे दोन दोडके "वर टाक" म्हणायची माझी हिंमत होत नाही.

असो. यंदा गच्चीवर एकच वेल आहे. दिवसाआड दोन-तीन घोसाळी निघतात, रविवारी भजी होतात, आणि शेजारच्या काकू परवा आपणहून विचारत होत्या, "यंदा नाही का लावलीत?" त्यांना दोन दिली. फक्त दोन.

बी हवं असेल तर कळवा. प्रत्येकी तीनच मिळतील, आणि त्यातली दोन रोपं उपटायच्या अटीवर.