जिन्याचा कठडा : दिसायला देखणा, धरायला सोपा

दुमजली घराचं बांधकाम निघालं, की स्वयंपाकघरातला ओटा, दिवाणखान्याचे पडदे, फरशीचा रंग यांवर घरात तासन् तास चर्चा होते. जिन्याचा कठडा मात्र शेवटी आठवतो. मग मिस्त्री मोबाइलवरचे चार फोटो पुढे करतो आणि त्यांतला सगळ्यांत नक्षीदार नमुना निवडून आपण मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, इथंच जरा थांबा. कठडा आधी धरायचा असतो, मग पाहायचा!

जुन्या वाड्यांतले जिने अरुंद आणि उभे. तिथं आधाराला कित्येकदा वरून नुसता दोर सोडलेला असे. दिसायला साधा, पण मुठीत पक्का बसणारा. आपल्या लाकडी दांडीलाही हीच कसोटी लावा. दांडी गोल किंवा लंबगोल आणि दीड ते दोन इंच जाडीची असली, की बोटं तिच्याभोवती नीट वळतात. चार इंच रुंद सपाट पट्टी भारदस्त दिसते खरी. पण तोल गेला, की तिच्यावरून तळवा घसरतो. रुंद पट्टीचीच हौस असेल तर तिच्या दोन्ही अंगांना बोटं बसतील अशी खाच काढून घ्या. नक्षी हवी तर ती खालच्या खांबांवर करावी, हाताखाली नको.

दांडीची उंची पायरीपासून तीन फूट किंवा थोडी जास्त ठेवा. कठड्याच्या छोट्या कातीव खांबांमध्ये चार इंचांहून कमी फट हवी, नाहीतर रांगत्या बाळाचं डोकं त्यात अडकायची भीती. हिशेब सोपा आहे. पायरी दहा इंचांची आणि खांब दोन इंच जाडीचे असतील, तर पायरीला दोन खांब लावल्यावर तीन-तीन इंचांची फट राहते. एकच लावला तर ती आठ इंच होते! खर्च वाचवायला मिस्त्री एकच सुचवील, ऐकू नका. सोळा पायऱ्यांना बत्तीस खांब लागतील, त्यांवर दोन जादा कातून घ्या. पुढं एखादा मोडला तर जोडीचा मिळत नाही. आणि आडव्या पट्ट्यांचा कठडा, घरात लहान मूल असेल तर नकोच. मुलांना ती आयती शिडी वाटते.

बहुतेक घरांत दांडी एकाच बाजूला असते. पण सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, किंवा कुणाचा एक हात अधू असेल, तर विचार करा : चढताना उजव्या हाताला असलेली दांडी उतरताना डाव्या हाताला येते. म्हणजे चढणं जमलं तरी उतरणं अवघड. आणि घाबरवतं ते उतरणंच. म्हणून भिंतीच्या बाजूलाही एक साधी दांडी लावून घ्या. भिंत आणि दांडी यांत दीड-दोन इंच जागा सोडा, म्हणजे बोटं चेचत नाहीत. ब्रॅकेट नुसत्या गिलाव्यात नकोत, विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्के बसवलेले हवेत. दांडीचं टोक भिंतीकडे वळवून घ्या. उघड्या टोकात पदर, ओढणी, पिशवीचा बंद हमखास अडकतो.

लाकडात सागवान उत्तम, पण पारखून घ्यावं. कडेचा पांढुरका भाग असेल तर नाकारा. त्याला कीड लवकर लागते. लाकूड पुरतं सुकलेलं हवं. ओलसर लाकूड बसवलं, तर उन्हाळ्यात ते आकसतं आणि सांधे उघडतात. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. लोखंडी गंजतात आणि सागवानावर काळे डाग पडतात. लाखेचं फ्रेंच पॉलिश सुरेख दिसतं, पण ओल्या हातांनी पांढरं पडतं. रोजच्या वापराला मेलामाइन किंवा पीयू पॉलिश बरं.

पाडलेल्या वाड्यांचे कातीव खांब जुन्या लाकडाच्या बाजारात मिळतात. त्यांची शान काही औरच! मात्र उंची मोजून, वाळवीचा भुगा पडतो का ते पाहून घ्या. त्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर घरात कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ साली; त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ती धूळ मुलांना फार वाईट.

मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी करा. जुन्या मऊ साडीचा तुकडा दांडीवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं कुसळ किंवा वर आलेला सांधा आहे, तो घासून घ्या. मग पायथ्याचा मोठा खांब आणि त्यावरचा लाकडी कळस दोन्ही हातांनी हलवून पाहा. जरासुद्धा डुगडुगला तर तो पुन्हा बसवायला सांगा.

आणि हो, पाहुण्यांनी वाहवा करण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन एकदा जिना चढून-उतरून बघा. त्यांनी मान डोलावली, की कठडा पसंत!